सातबारा झोन सांगत नाही: घरासाठी प्लॉट घेण्याआधी काय काय तपासावं

आम्ही पहिला प्लॉट पसंत केला तेव्हा सातबारा अगदी स्वच्छ होता. एकच मालक, भोगवटादार वर्ग १ (म्हणजे विकायला सरकारी परवानगी लागत नाही अशी जमीन), इतर हक्कात बोजा नाही. नव्वदच्या दशकातला एनए (बिगरशेती) आदेशही होता. वकिलांनी तीस वर्षांचा सर्च (जुन्या दस्तनोंदींचा शोध) काढला, तोही निर्वेध. टोकन म्हणून एक्कावन्न हजार दिले आणि देवघर कुठल्या भिंतीला असावं यावर घरात चर्चा सुरू झाली.

शेजारचे काका भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी एकच विचारलं, "भाग नकाशा काढलात का?" मी तो शब्द पहिल्यांदाच ऐकत होतो. आठवड्याभरात नकाशा हातात आला आणि त्यात आमच्या तीन गुंठ्यांवरून अठरा मीटर रुंदीचा नियोजित रस्ता तिरका गेलेला दिसला. एनए झाल्यानंतर काही वर्षांनी मंजूर झालेल्या विकास आराखड्यात तो आला होता. रस्ता वगळून आणि सामासिक अंतरं (बांधकामाभोवती मोकळी सोडायची जागा) सोडून उरलेल्या जागेत धड एक खोली बसली नसती. टोकन परत मिळायला सात महिने लागले, तेही पूर्ण मिळालं नाही.

जमिनीचे कागद दोन वेगळ्या वाटांनी चालतात, हे तेव्हा कळलं. सातबारा, फेरफार, एनए हे महसूल खात्याचं काम आणि ते महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ प्रमाणे चालतं. झोन (जमीन रहिवासाला की शेतीला, ते ठरवणारा विभाग), आरक्षण (सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा), नियोजित रस्ते हे नगर रचनेचं काम आणि ते त्याच वर्षीच्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियमाप्रमाणे चालतं. एका वाटेवरचा बदल दुसऱ्या वाटेवरच्या कागदावर आपोआप उमटत नाही. तलाठ्याकडे झोन विचारून उपयोग नाही आणि नगर रचनेत मालकी विचारून उपयोग नाही. दोन्हीकडे आपल्यालाच जावं लागतं.

पुढचं सगळं महाराष्ट्रापुरतं आहे.

१. जागा नेमकी कोणाच्या हद्दीत येते ते ठरवा

"गावात आहे, म्हणजे ग्रामपंचायतीकडे" असं गृहीत धरू नका. शहरालगतच्या गावात ग्रामपंचायत असते, पण नियोजनाचा अधिकार पीएमआरडीए, एमएमआरडीए (पुणे आणि मुंबईची महानगर प्रदेश विकास प्राधिकरणं), सिडको किंवा एखाद्या विशेष नियोजन प्राधिकरणाकडे असू शकतो. महापालिका, नगरपरिषद, नगरपंचायत यांच्या हद्दीत त्या त्या संस्थेकडे. यापैकी काहीच नसेल तर बहुतेक वेळा प्रादेशिक योजना लागू असते आणि परवानगी जिल्हाधिकारी कार्यालयातून, नगर रचना शाखेच्या सल्ल्याने मिळते.

इथला सापळा फार जुना आहे. विक्रेता ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला दाखवतो, घरपट्टीची पावती दाखवतो, "बघा, नमुना आठला नोंद आहे" म्हणतो. ग्रामपंचायतीचा बांधकाम परवानगीचा अधिकार गावठाणापुरता. गावठाणाबाहेरच्या गटावर तिचा दाखला म्हणजे बांधकाम परवानगी होत नाही. घरपट्टी तर अनधिकृत घरालाही लागते. कर भरला म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही.

२. आराखडा कोणता, आणि तो मंजूर आहे की प्रारूप?

नकाशा कुणीही मोबाइलवर पाठवतो. त्याच्या कोपऱ्यातली पट्टी वाचा. "प्रारूप" लिहिलंय की "मंजूर"? मंजूर असेल तर अधिसूचनेची तारीख काय? प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, त्यावर हरकती-सूचना येतात, सुनावणी होते, बदल होतात आणि मग शासन मंजुरी देतं. या प्रवासात पिवळ्याचं (रहिवासाचं) हिरवं (शेतीचं) आणि हिरव्याचं पिवळं होऊ शकतं. कधी अख्खा आराखडाच मागे घेतला जातो. पीएमआरडीएचा प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०२५ मध्ये रद्द झाला. मधल्या चार वर्षांत "नवीन डीपीत (विकास आराखड्यात) यलो झोन आहे" या एका वाक्यावर कोणी जमीन घेतली असेल, तर त्याच्या हातात आज काय उरलं असेल याचा विचार करा.

माझा नियम साधा आहे. प्रारूपातलं आरक्षण खरं मानायचं, कारण परवानगी देताना प्राधिकरणाला प्रारूपाचाही विचार करावा लागतो. प्रारूपातला पिवळा रंग मात्र मंजुरी येईपर्यंत खरा मानायचा नाही.

३. झोन दाखला आणि भाग नकाशा, दोन्ही काढा

झोन दाखला हा एक-दोन ओळींचा कागद असतो: अमुक गावातील अमुक गट नंबर अमुक विभागात समाविष्ट आहे. भाग नकाशा म्हणजे आराखड्यातला तुमच्या गटाभोवतीचा तुकडा. पुष्कळ जण दाखल्यावर थांबतात. आम्हीही थांबलो असतो तर फसलो असतो.

दाखल्यातला प्रत्येक शब्द वाचा. "भागशः" हा शब्द तर बोट ठेवून शोधा. "भागशः रहिवास विभाग, भागशः शेती विभाग, भागशः १८ मी. रुंद रस्त्याने बाधित" असं लिहिलं असेल, तर तुमचे तीन गुंठे यातल्या कुठल्या भागात येतात हे दाखला सांगत नाही. दाखला अख्ख्या गटाचा असतो आणि गट चार एकरांचाही असू शकतो. विक्रेता त्यातलं "रहिवास" तेवढं वाचून दाखवतो, आणि त्याने खोटं सांगितलं असंही म्हणता येत नाही.

भाग नकाशावर रंग ओळखायला सोपे आहेत. पिवळा रहिवास, निळा वाणिज्य, जांभळा औद्योगिक, हिरवा शेती किंवा ना-विकास. पण रंगाचा अर्थ त्याच नकाशाच्या संकेतसूचीत बघून पक्का करा, कारण हिरव्या छटा एकापेक्षा जास्त असतात आणि शेती, उद्यान, डोंगरउतार यांचे नियम वेगळे आहेत. आकड्यासह दाखवलेला तुकडा म्हणजे आरक्षण: शाळा, दवाखाना, क्रीडांगण. तो आकडा आराखड्याच्या अहवालात शोधला की कशासाठी आणि कोणत्या संस्थेसाठी ते कळतं.

मग नकाशाचं प्रमाण बघा. प्रमाण १:४००० असेल तर कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे चार मीटर. १:१०,००० असेल तर दहा मीटर. आमच्या नकाशावर तो अठरा मीटरचा रस्ता जेमतेम साडेचार मिलिमीटर रुंद होता आणि आमचा अख्खा प्लॉट हरभऱ्याच्या डाळीएवढा. काकांनी ले-आउटचा (जमिनीचे प्लॉट पाडल्याचा) नकाशा त्याच प्रमाणात छोटा करून ट्रेसिंग पेपरवर काढला, गटाच्या बांधाचे तीन कोपरे जुळवले आणि कागद खिडकीच्या काचेला लावून धरला. रस्त्याच्या दोन समांतर रेषा प्लॉटवरून गेलेल्या तेव्हा डोळ्यांनी दिसल्या. अशा प्रमाणात पेनाच्या रेघेच्या जाडीनेही दोन-तीन मीटरचा फरक पडतो. म्हणून "रेषेला लागून आहे, पण बाहेर आहे" असं कुणी म्हणालं की पुढची पायरी टाळूच नका.

४. मोजणी करून घ्या

भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज ऑनलाइनही करता येतो. मोजणी झाल्यावर मिळणारी 'क' प्रत हा तुमचा आधार. प्रत्यक्ष वहिवाट आणि अभिलेखातली हद्द यांतला फरक त्यात दिसतो. कुंपण एकीकडे आणि हद्द दुसरीकडे, असं सर्रास आढळतं. झोनची किंवा रस्त्याची रेषा जवळून जात असेल, तर 'क' प्रतीच्या आधारे नगर रचना कार्यालयाकडून सीमांकन मागा किंवा परवानाधारक आर्किटेक्टकडून आराखडा मोजणीवर बसवून घ्या. मोजणीचा अर्ज मालकाने करायचा असतो. मालक टाळाटाळ करू लागला तर तिथेच थांबून कारण विचारा.

५. पिवळ्यावरही रेषा असतात

झोन रहिवास आहे, आरक्षण नाही, रस्ताही जात नाही. तरी पुढच्या गोष्टी पाहायच्या.

पूररेषा. नदी-ओढ्याजवळ निळी आणि लाल अशा दोन रेषा असतात. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेच्या मधल्या पट्ट्यात नवीन घर बांधता येत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटींवर बांधता येतं. जोत्याची उंची लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर ठेवावी लागते. या रेषा जलसंपदा विभाग ठरवतो. आराखड्यावर दिसल्या नाहीत म्हणून त्या नाहीत असं समजू नका, लेखी विचारा. उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत दिसणारा ओढा बघून मी स्वतः "इथं कुठलं पाणी येणार" म्हणालो होतो. गावातल्या म्हाताऱ्या माणसाने बांधावरच्या बाभळीला कमरेएवढ्या उंचीवर अडकलेला पाचोळा दाखवला.

कोकणात समुद्र किंवा खाडीजवळ सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्र. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनाऱ्यावर लोकवस्तीची घनता जास्त असेल तर भरतीरेषेपासून ५० मीटर, कमी असेल तर २०० मीटर ना-विकास पट्टा असतो. नारळाच्या वाडीतून समुद्र दिसतोय याचं कौतुक करण्याआधी हे अंतर बघा.

याशिवाय डोंगरमाथा-डोंगरउतार, वनक्षेत्र आणि पर्यावरण संवेदनशील क्षेत्र, उच्चदाब वाहिनी, रेल्वेची हद्द, महामार्गाची नियंत्रण रेषा, विमानतळ आणि संरक्षण खात्याच्या जागेभोवतीचे निर्बंध. प्रत्येकाचा दाखला वेगळ्या खात्याकडून मिळतो. सगळे सगळीकडे लागत नाहीत. जागेवर उभं राहून चारी बाजूंना बघा आणि जे दिसेल त्याची चौकशी करा.

६. प्लॉट कायद्याने पाडलाय का?

सर्वाधिक लोक अडकतात ते इथे.

पहिला प्रकार, मंजूर ले-आउट. मंजुरी तात्पुरती आहे की अंतिम, ते बघा. रस्ते, गटार, मोकळी जागा प्रत्यक्ष करून झाल्यावर अंतिम मंजुरी मिळते. तात्पुरत्या मंजुरीवर प्लॉट विकून मोकळे होणारे खूप आहेत. मोठ्या ले-आउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडायची असते. मंजूर नकाशाची प्रमाणित प्रत घेऊन तुमचा प्लॉट नंबर तिथेच आहे ना, की मोकळ्या जागेत घुसवलाय, हे पाहा. माहितीपत्रकातला रंगीत नकाशा यासाठी चालत नाही. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि प्लॉट आठपेक्षा जास्त असतील तर महारेराची (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाची) नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर टाकला की मंजुरीची कागदपत्रंही तिथेच बघायला मिळतात.

दुसरा प्रकार, गुंठेवारी. शेतजमिनीचे मंजुरीविना पाडलेले तुकडे. २००१ च्या कायद्याने ते नियमित करण्याची सोय झाली आणि पुढे दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला ती मिळाली. "नियमित होईल" आणि "नियमित झालंय" यांत मोठं अंतर आहे. नियमितीकरणाचं प्रमाणपत्र हातात बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आरक्षणावरची किंवा नदीपात्रातली गुंठेवारी तर नियमित होत नाही.

तिसरा, सामायिक सातबारा. तुकडेबंदीमुळे (जमिनीचे फार लहान तुकडे करायला असलेल्या बंदीमुळे) दोन-तीन गुंठ्यांचा दस्त होत नाही म्हणून दहा जण मिळून मोठा तुकडा घेतात आणि सातबाऱ्यावर दहा नावं लागतात. कोणता कोपरा कोणाचा हे कुठल्याच सरकारी कागदावर नसतं. मग बांधकाम परवानगीला बाकीच्या नऊ जणांची संमती, कर्जाला बँकेचा नकार, आणि एकाने भांडण काढलं की सगळेच अडकतात. २०२५ मध्ये शहरी आणि नियोजित भागांसाठी तुकडेबंदी शिथिल झाली आहे. तुमचा गट त्या सवलतीत बसतो का, हे दुय्यम निबंधक कार्यालयात गट नंबर सांगून विचारा.

चौथा, "फार्महाउस प्लॉट". हिरव्या पट्ट्यात शेतघराला परवानगी मिळते, पण त्यासाठी किमान ०.४ हेक्टर जमीन लागते, म्हणजे जवळपास एक एकर. पाच गुंठ्यांचा फार्महाउस प्लॉट विकणारा माणूस तुम्हाला कधीही परवानगी न मिळणारी जमीन विकतो आहे. शिवाय शेतजमीन घ्यायला खरेदीदार शेतकरी असावा लागतो, हा प्रश्न वेगळाच.

एनएबद्दल इथेच सांगतो. विकास आराखड्यात रहिवास दाखवलेल्या जमिनीला आता वेगळी एनए परवानगी घ्यावी लागत नाही, रूपांतरण कर वगैरे भरला की पुढे जाता येतं. गावठाणापासून २०० मीटरच्या आतल्या जमिनींनाही जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४२-ड ची सवलत आहे. त्यामुळे "एनए नाही" म्हणून चांगला प्लॉट सोडू नका, आणि "एनए आहे" म्हणून निर्धास्तही होऊ नका. आमचा एनए होताच.

७. किती बांधता येईल याचा हिशेब आधी करा

मुंबई, एमआयडीसी, गिरिस्थान नगरपरिषदा असे काही भाग वगळता राज्यभर २ डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. महापालिका क्षेत्रात, दाट वस्तीबाहेर, रहिवासाचा मूळ एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं तो आकडा) १.१० आहे. तीन गुंठे म्हणजे ३०३ चौरस मीटर, तर सगळे मजले मिळून मूळ क्षेत्र साधारण ३३३ चौरस मीटर. त्यावर अधिमूल्य भरून किंवा टीडीआर (दुसऱ्या जागेचा हस्तांतरित बांधकाम हक्क) घेऊन वाढवायचं असेल, तर समोरचा रस्ता किमान नऊ मीटर हवा. म्हणून टेप घेऊन जा आणि रस्ता स्वतः मोजा. शिवाय तो मंजूर रस्ता आहे की नुसती वहिवाट, हे नकाशावर तपासा. गाडी जाते म्हणजे रस्ता आहे, असं परवानगीच्या टेबलावर कुणी मानत नाही.

"दीडशे चौरस मीटरपर्यंत परवानगीच लागत नाही" हे वाक्य तुम्ही ऐकाल. लहान प्लॉटसाठी प्रक्रिया सोपी केली आहे एवढंच. आर्किटेक्टचा नकाशा आणि प्रमाणपत्र, शुल्क, सामासिक अंतरं, झोन यांतलं काही माफ नाही. बांधकाम चालू झाल्यावर जोता तपासणी आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, हे दोन टप्पे चुकवू नका.

सोबत ठेवायचे कागद

महसूल बाजूचे: सातबारा आणि आठ-अ, किंवा शहरात मिळकत पत्रिका, सगळे फेरफार, गाव नकाशा, मोजणीची 'क' प्रत, एनए आदेश किंवा सनद असेल तर ती, आधीच्या दस्तांचे इंडेक्स-२ (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा), सर्च रिपोर्ट.

नियोजन बाजूचे: झोन दाखला, भाग नकाशा, मंजूर ले-आउटची प्रमाणित प्रत मंजुरीपत्रासह, गरजेप्रमाणे पूररेषेचा किंवा अन्य खात्याचा दाखला.

भोगवटादार वर्ग २ असेल तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

झोन दाखला आणि भाग नकाशा स्वतः मागा, विक्रेत्याकडची झेरॉक्स नको. अर्जात गट नंबर हिश्श्यासकट लिहा. ४५ आणि ४५/२ ही वेगळी उत्तरं आहेत. पोच घ्या. मुदत किती आहे हे कार्यालयातल्या लोकसेवा हक्काच्या फलकावर लिहिलेलं असतं. दाद लागली नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांच्या शुल्कात अर्ज करून आराखड्याच्या त्या भागाची प्रत मागता येते, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि "आरक्षण उठणार आहे, वर बोलणं झालंय" असं कोणी म्हणालं तर विचारा, नगर रचना अधिनियमाच्या कलम १२७ ची नोटीस दिली आहे का? अंतिम आराखडा लागू होऊन दहा वर्षं झाल्यावरच मालक ती देऊ शकतो, त्यानंतरही प्राधिकरणाला चोवीस महिने मिळतात. नोटिशीची पोच दाखवता येत नसेल तर आरक्षण जागेवरच आहे.

८. टोकन देताना ही ओळ लिहून घ्या

आमचे पैसे अडकले कारण पावतीवर फक्त रक्कम आणि तारीख होती. दुसऱ्या वेळी टोकनच्या पावतीवर आणि नंतर साठेखतातही वकिलांकडून हे लिहून घेतलं:

"सदर मिळकत मंजूर आराखड्यानुसार पूर्णतः रहिवास विभागात असून कोणत्याही आरक्षणाने, नियोजित रस्त्याने अथवा पूररेषेने बाधित नाही, असे लिहून देणार यांनी सांगितले आहे. झोन दाखला, भाग नकाशा अथवा मोजणीत याविरुद्ध आढळल्यास लिहून देणार यांनी घेतलेली संपूर्ण रक्कम पंधरा दिवसांत विनाकपात परत करावयाची आहे."

या दुसऱ्या शोधात भेटलेल्या पहिल्या विक्रेत्याने ही ओळ वाचली आणि पावती सही न करता परत दिली. तो प्लॉट आम्ही तिथेच सोडला. दुसऱ्याने खिशातून पेन काढलं, सही केली आणि भाग नकाशाची स्वतः काढलेली प्रत पुढे ठेवली. तरीही आम्ही आमची प्रत वेगळी काढली, आणि दोन्ही जुळल्यावरच दस्ताची तारीख ठरवली.